चौथं नाणं

“चौथं चुकलंय,” दिगंबरराव म्हणाले. “परत लाव.”

शरयूबाईंनी जेवणाच्या टेबलावरची नऊ नाणी गोळा केली आणि पुन्हा ओळीने मांडली. जास्त चांदीचं डावीकडे, सगळ्यात कमी चांदीचं उजवीकडे. चौथ्या जागी पुन्हा तेच नाणं.

दिगंबररावांनी वहीत फुली मारली. चाळीस वर्षं हीच बाई ही नाणी पुसत आली होती, आणि आता तिची ही गत!

नाणी मध्ययुगातल्या फ्रान्सची. देनिए म्हणायचे त्यांना. धातूंच्या लॅबमध्ये उभी हयात घालवलेल्या दिगंबररावांनी अमेरिकेतल्या शुगर लँडच्या या घरात ती एकेक करून जमवली होती. छाप जवळपास तोच, एकीकडे क्रूस, दुसरीकडे किल्ल्यासारखी आकृती. पण राजांना पैसा कमी पडला की ते चांदी कमी करायचे आणि तांबं वाढवायचे. नाव तेच, किंमत तीच, आत मात्र खडखडाट.

डॉक्टरांनी मेंदूला रोज थोडा व्यायाम द्यायला सांगितला होता. नाण्यांची कल्पना शरयूबाईंची. “मी लावते, तुम्ही तपासा,” त्या म्हणाल्या होत्या. वही तीन महिन्यांत फुल्यांनी भरली.

मागच्या रविवारी प्रथमेश आला होता. ह्यूस्टनला पीएचडी करणारा, ओळखीतला गुणी मुलगा. दिगंबररावांनीच त्याला त्याच्या लॅबमधलं हातात धरायचं मशीन आणायला लावलं. नाण्यावर टेकवलं की चांदी किती टक्के ते सांगणारं. त्याने शरयूबाईंच्या ओळीतली नऊही नाणी तपासली. आकडे बघितले, मग शरयूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून.

“काका, तुमचंच बरोबर आहे,” प्रथमेश म्हणाला.

हरल्याची खूण मान हलवून द्यावी लागावी, याचं दिगंबररावांना फार वाईट वाटलं. विषय बदलायला त्यांनी प्रथमेशला टांकसाळीची लबाडी सांगितली. नाणं आम्लात बुडवायचं, वरवरचं तांबं निघून जातं आणि नाणं पांढरं शुभ्र दिसतं.

“वॉव काका, हे मला माहीतच नव्हतं,” प्रथमेश म्हणाला. त्याच्या पुढ्यातला चहा गार झाला होता.

आज सावनी विमानाने हर्नडनहून आली होती. त्यांची एकुलती एक लेक. आल्या आल्या तिने गाडीच्या किल्ल्या आपल्या पर्समध्ये टाकल्या, शेगडीची बटणं काढून ठेवली. दिगंबररावांना ते पटलं. शरयूने काही उघडं ठेवलं तर?

“बाबा, चार वाजता निघू या. तिथे सगळं अरेंज केलंय मी,” ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

बॅग शरयूबाईंनीच भरली. वर दिगंबररावांचा करडा स्वेटर दिसला. त्यांनी तो काढला नाही. पन्नास वर्षांची सवय, रात्री जवळ असला तर तिला झोप तरी लागेल.

गाडीत दोघं मागे बसले. दिगंबररावांनी तिचा हात सोडला नाही. केअर होमच्या दारावर पाटी होती, भेटीची वेळ सहापर्यंत. त्यांना घराची धास्ती वाटली. त्या एवढ्या घरात आपण एकटे जेवायला कसे बसणार?

खोली नीटनेटकी होती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीबाहेर कुंपण. सावनी ऑफिसात कागदांवर सह्या करायला गेली. शरयूबाईंनी नाण्यांची डबी उघडली आणि टेबलावर ओळ मांडली.

चौथं चुकलेलं होतं.

दिगंबररावांनी वही उघडली. पेन हातात धरलं. मग वही मिटून बाजूला ठेवली. आज तरी नको.

“बरोबर आहे,” ते खोटंच म्हणाले. “नऊच्या नऊ, शरयू. शाबास!”

शरयूबाईंनी तोंडाला पदर लावला. इतकं रडताना दिगंबररावांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“अगं, रोज येईन की मी. सावनी सोडेल मला.”

“हो,” त्या म्हणाल्या. “रोज भेटू आपण.”

दारावर टकटक झाली. हसऱ्या चेहऱ्याची नर्स आत आली. तिच्या हातात नाव छापलेला निळा पट्टा होता. दिगंबरराव वाट द्यायला खुर्चीतून उठू लागले, तर तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं, पट्टा त्यांच्या मनगटाला बांधला आणि शरयूबाईंकडे वळून हळूच म्हणाली, “मॅडम, सहा वाजले. तुम्हाला आता निघावं लागेल.”