दारातली मांडी

"काही झालं तरी हलायचं नाही. श्वास आत घेताना येशू, सोडताना शांती," असं बजावून सिस्टरनी आम्हा शांतिपथकवाल्यांना दवाखान्याच्या दारातच मांडी घालून मौन प्रार्थनेला बसवलं. आत गावातल्या चकमकीतले दोन्ही बाजूंचे जखमी होते आणि त्यातल्या एकाला उचलून न्यायला बंदूकवाले येणार, अशी खबर होती.

तासाभराने ते आले. म्होरक्याने बंदुकीची नळी माझ्या कपाळाला टेकवली. "ऊठ!"

येशू, शांती आणि श्वास, तिघांनीही मला एकदमच सोडलं. मनाने तर केव्हाच मागचं दार गाठलं होतं. पण मी हलले नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग थुंकला आणि आपली माणसं घेऊन निघून गेला.

"काय गं तुझी श्रद्धा!" सगळे गहिवरले. मला राहवेना. सिस्टरच्या कानात म्हटलं, "मी पळणारच होते हो. पण रक्तपुरवठा तुटून दोन्ही पाय बधिर झाले होते. मांडी सुटेचना."

"अगं वेडे," माझी पोटरी चोळत सिस्टर म्हणाल्या, "मग तासभर आधी कशाला बसवलं होतं तुम्हाला?"