वेशीची भाकर

छत्तीस साली कापसाचा हंगाम सरला, तसं इंद्रभाननं बायको कस्तुराबाई आणि तान्ह्याला बैलगाडीत बसवून कारंजा शहर दाखवायला आणलं. "बाजारचं खानं नाई, शिदोरी घरची," त्यानं आदल्या दिवशीच बजावलं होतं. जिलेबीच्या नळीत पाक शिरतो कसा, हे कस्तुराबाई वाटभर त्याला विचारत आली. गाडी चारही वेशींतून फिरली. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून वेशीत भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची गावची रीत. कस्तुराबाई दर वेशीला अख्खी भाकर ओवाळत गेली. "तुकड्यानं भागत नाई, शहराची वेस मोठी," ती म्हणाली. चौथ्या वेशीपाशी शिदोरीचं टोपलं रिकामं झालं. समोर हलवाई कढईत जिलेब्या सोडत होता. इंद्रभान टोपल्याकडे बघत राहिला. "आठ भाकरी बांधत असतं तू. आज चारच कायले?" कस्तुराबाई कढईकडे सरकली. "पाक कसा शिरते, पाहू द्या पयले."