प्रार्थनेविना गट

"प्रार्थनेवाचून माणूस बरा होतो, हे आज सिद्ध झालं!" प्राध्यापकांनी इस्पितळाच्या खाटेवरून जाहीर केलं. ही ऐतिहासिक घोषणा ऐकायला त्यांची बायको, सलाइनचा स्टँड आणि पलीकडच्या खाटेवर घोरणारे एक गृहस्थ एवढाच समाज हजर होता. त्यातच गाऊनची मागची नाडी सुटली. बायकोने ती बांधली आणि इतिहास पुढे सरकला.

प्राध्यापकांचं संशोधन याच इस्पितळात चाललं होतं. श्रद्धेने माणसाचं भलं होतं का, आणि होत असेल तर किती, हे त्यांना मोजायचं होतं. हृदयाच्या रोग्यांचे त्यांनी दोन गट पाडले होते. एका गटासाठी अनोळखी माणसं प्रार्थना करायची. दुसऱ्यासाठी कोणीच नाही. काम ऐन रंगात आलेलं असताना प्राध्यापकांच्याच छातीत कळ आली. ऑपरेशन ठरलं. दुसरा एखादा घाबरला असता. प्राध्यापकांना आयता नमुना मिळाला. त्यांनी हट्टाने चिठ्ठी काढायला लावली आणि ते प्रार्थनेविना गटात जाऊन पडले.

अडचण एकच होती. बायको रोज सकाळी हात जोडल्याशिवाय चहासुद्धा घेत नसे.

"माझ्यासाठी देवाजवळ एक अक्षरही बोलायचं नाही," प्राध्यापकांनी तिला बजावलं होतं. "माझ्या आयुष्यभराच्या कामाचा प्रश्न आहे."

तिला त्यांच्या आयुष्याचाच प्रश्न दिसत होता. पण ती "बरं" म्हणाली होती. तिचं "बरं" ही त्या घरातली सगळ्यात भक्कम वस्तू होती. छप्पर त्यामानाने गळायचं.

घोषणा संपते न संपते तोच सर्जनबाई फेरीवर आल्या. त्यांनी टाके पाहिले, नाडी पाहिली.

"सर, आता सांगायला हरकत नाही. फार अवघड होतं तुमचं. पण त्या दिवशी सगळं कसं लोण्यासारखं झालं. भूल छान बसली, रक्त वेळेवर आलं. अहो, आमची लिफ्टसुद्धा मधेच अडकली नाही! आणि काकू तर बाहेर बाकावर गाढ झोपलेल्या. सगळं नीट झालं हे सांगायला हलवून उठवावं लागलं."

"बघा!" प्राध्यापक खूश झाले. "देवाची कटकट नसली की झोपही चांगली लागते."

सर्जनबाई हसत पुढच्या खाटेकडे गेल्या. प्राध्यापकांनी आवाज खाली आणला.

"खरं सांग. एकदाही काही मागितलं नाहीस ना माझ्यासाठी?"

"शब्द दिला होता ना? तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

प्राध्यापकांना समाधान वाटलं. पाठोपाठ थोडं वाईटही वाटलं. ते कशाचं, हे त्यांना कळेना.

"आणि झोपले कुठे होते मी?" बायको उशी सारखी करत म्हणाली. "डोळे मिटून बाकीच्यांचं बघत होते. डॉक्टरीणबाईंचा हात थरथरू नये म्हणून. भूल देणाऱ्यांना स्वतःलाच डुलकी लागू नये म्हणून. रक्त आणणाऱ्याला वाटेत कोणी गप्पिष्ट भेटू नये म्हणून. मग लिफ्ट."

"लिफ्टसाठीसुद्धा?"

"तिला कुठे बंदी होती?"

"नमुना बाद," प्राध्यापक पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदाच नमुना बाद होऊन त्यांना बरं वाटत होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. लग्नापासून बोलायचा राहिलेला एक शब्द वर येऊ लागला, पण घशाशी येऊन त्याचा खोकला झाला आणि टाके ओढले गेले.

खोकला थांबल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडचे गृहस्थ घोरतच होते.

"अगं," ते हळूच म्हणाले, "उद्या टाके काढायला ती नवीन सिस्टर येणार आहे ना... तिचंही बघ की जरा."