चक्कीआडचा आवाज

"मॅडम, गोंगाट अजून कमी करून द्या," खुर्चीत टेकायच्या आधीच वाहेदचाचा म्हणाले. "समद्याईचं ऐकू येते. सायराचंच येत नाही. चक्की तिचा आवाज दाबून टाकते."

"आणि चक्की बंद असली की?"

"तवा पंखा असते."

अमडापूरहून चिखलीला, श्रद्धाच्या कानाच्या दवाखान्यात, त्यांची ही चौथी फेरी. तिने त्यांच्या कानामागचं ऐकण्याचं मशीन काढून तपासलं. मशीन ठणठणीत होतं, कोड्यात टाकलं होतं ते चाचांनीच.

मशीन देण्याआधी तिने त्यांना एक गोष्ट ऐकवली होती आणि मागे बाजाराचा गलका वाढवत नेला होता. सहन होईना की हात वर करायचा. ज्यांचा हात लवकर वर जातो, त्यांचं मशीन पुढे बहुधा डबीतच राहतं. चाचांचा हात वर गेलाच नाही. चाळीस वर्षं पिठाच्या चक्कीत काढलेल्या माणसाला बाजाराचं काय कौतुक! हा माणूस मशीन जन्मभर घालणार, असं तिने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तोच आता गोंगाटाच्या नावाने रडत होता.

मशीन घेताना चाचा म्हणाले होते, "चक्कीत आमी दोघं नवरा-बायको ओठानंच बोलतो. मी बहिरा झालो तरी आमचं काही अडलं नाही. पन ओठाले आवाज नसते ना, मॅडम. मले तिचा आवाज पाह्यजे." बोलताना त्यांचे डोळे भरले होते.

"पुढच्या वेळी चाचींना घेऊन या," श्रद्धा म्हणाली.

आठवड्याने दोघं आले. ऐन उन्हाळ्यात सायराचाचींनी गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती. श्रद्धाने चाचांना बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"चाची, काहीतरी बोला."

चाचींचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी ओढणी सैल केली, तेव्हा गळ्यावरचा आडवा व्रण दिसला. श्रद्धाने त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. नुसती हवा येत होती, त्यातून कसेबसे शब्द.

"दोन वर्सं झाले. गाठ काढली, आवाज बी गेला. गाठीचं त्याईले मालूम हाये, आवाजाचं नाही. ते ओठ पाहून समजून घेतात." चाचींनी ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "लई हौसेनं मशीन घेतलं हो. कोन्या तोंडानं सांगू? मशीनच खराब हाये म्हना."

श्रद्धाला खोटं बोलायची सवय नव्हती. तरी तिने चाचांना आत बोलावलं.

"चाचा, चाचींचा आवाज या मशीनमध्ये यायचा नाही. मशीनच कमी पडतंय. माझा इलाज नाही."

चाचांनी मान हलवली. वाद घातला नाही. चाचींनी मशीनची रिकामी डबी पिशवीत टाकली आणि चप्पल घालायला त्या बाहेर गेल्या.

चाचा दाराशी थांबले. बाहेरून कोणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं.

"मॅडम, पह्यल्याच दिवशी मले तिच्या बांगड्या ऐकू आल्या, चक्की चालू असताना," ते हळूच म्हणाले. "ती बोलली, अन् नुसती हवा आली. तुमी तिले असंच सांगत राह्यजा, मशीनच खराब हाये."