सामानासकट हजर

"पिशवी टेबलावर ठेव."

हेस्टरनं ठेवली. कचऱ्याची काळी पिशवी. एका बाजूनं फाटलेली, वर चिकटपट्टी. आत आठवड्याचे कपडे, दात घासायचा ब्रश, सपाता, एका कुत्र्याचा फोटो.

समोर तिघं. मध्ये अध्यक्ष मार्नी ओकशॉट, एका बाजूला टोबायस, दुसऱ्या बाजूला रोवेना. टेबलावर कस्टर्ड क्रीम बिस्किटांची ताटली. टोबायसचा हात तिकडे सरकला.

"निर्णय झाल्यावर," मार्नी म्हणाली. हात मागे आला.

स्कार्थवेल नगरपरिषदेचा मुलांचा विभाग गेल्या तपासणीत नापास झाला होता. मुलांना ध्यानीमनी नसताना, सामान कचऱ्याच्या पिशवीत कोंबून इकडून तिकडे हलवतात, सांभाळणारी माणसं सारखी बदलतात, कुणाचं कुणी ऐकत नाही, असं तपासनिसांनी लिहिलं होतं. मग परिषदेनं ही समिती नेमली. तिच्यासमोर बसल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही आणि शेवटचा शब्द तिचाच, असा ठरावही केला. बैठक लार्चेसच्या जेवणघरात. लार्चेस म्हणजे परिषदेचं बालगृह. तिथल्या मुख्य मिसेस प्रॅट भिंतीलगत बसल्या होत्या.

आधीची ठिकाणं

"हे कितवं?" टोबायसनं विचारलं.

"पाचवं."

"बाप रे! कुठंच टिकत नाहीस की काय?"

"दोन ठिकाणी टिकले. एका ठिकाणी मी जास्त बोलते म्हणून नको झाले. एक ठिकाण बंदच पडलं."

"आणि इथं नाही जमलं तर?"

हेस्टरनं हात मांडीखाली घातले. "तर मग कुठंच नाही. माझ्या वयाच्यांना आता कुणी घेत नाही."

कुणी काही लिहून घेतलं नाही.

पिशवी

"फाटली कशी?"

"बसमध्ये चढताना. सगळं फुटपाथवर. एका आजोबांनी माझ्या चड्ड्या गोळा करून दिल्या. घडी घालून."

टोबायस खुदकन हसला. मिसेस प्रॅट खोकल्या.

"लाज वाटली?" मार्नीनं विचारलं. ती हसली नव्हती.

"हो. बसभर मांडीवर घेऊन बसले. वाटलं, लोक म्हणत असतील, हिचं सगळं सामान म्हणजे कचरा. मग वाटलं, म्हणजे मीही."

रोवेनानं मार्नीकडे पाहिलं. मार्नीनं हळूच मान हलवली.

"मग दुसरी पिशवी का नाही घेतलीस?"

"तुम्ही हीच पाठवली होती. सामान यातच आणायचं, असा निरोप होता."

मिसेस प्रॅट आपल्या बुटांकडे बघत राहिल्या.

रात्र

आता रोवेनाची पाळी. "वाईट स्वप्न पडलं तर काय करतेस?"

"उठते. टोस्ट करून खाते. भरपूर लोणी लावून."

"इथं नाही जमायचं. स्वयंपाकघराला रात्री कुलूप असतं."

"का?"

"नियम."

"कुणाचा?"

तिघांनीही भिंतीकडे पाहिलं.

"तसं नाही हो," मिसेस प्रॅट म्हणाल्या, "सुरक्षेच्या दृष्टीनं..."

"तुमची पाळी नाहीये, मिसेस प्रॅट," मार्नी म्हणाली.

"म्हणजे टोस्ट नाही?" हेस्टरनं विचारलं.

"बदलू म्हणतात," टोबायस म्हणाला. "येणारा प्रत्येक जण म्हणतो, बदलू. एकानं तर कसं बदलणार ते दाखवायला फळ्यावर रंगीत बाणसुद्धा काढले होते."

(इथं एक प्रश्न ठरलेला होता. तो विचारलाच गेला नाही.)

कारण हेस्टर उठली होती. खुर्ची मागे सरकली, पिशवी कलंडली, एक सपात जमिनीवर पडली. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि तिनं हात पुढे केला.

"किल्ली द्या, मिसेस प्रॅट."

"अगं, अजून तुझा निर्णयसुद्धा झालेला नाही!"

"माहीत आहे. मला नको म्हणाले तरी यांना भूक लागायचीच ना?"

मिसेस प्रॅटनी मार्नीकडे पाहिलं. मार्नीनं त्यांच्या कमरेच्या जुडग्याकडे बोट केलं. जुडग्यातून एक किल्ली सुटली. हेस्टरनं ती आणून रोवेनाच्या समोर ठेवली, आपली सपात उचलली आणि परत खुर्चीच्या टोकावर बसली.

रोवेनानं किल्लीवर हात ठेवला. मग मुठीत घेतली.

जाणं

"शेवटचा प्रश्न," मार्नी म्हणाली. "इथून जावंसं वाटलं तर?"

"आधी सांगेन. समोर बसून. केक घेऊन येईन."

"कसला?" टोबायस.

"लिंबाचा."

"चॉकलेटचा."

"बरं, चॉकलेटचा. पण मला जायचं नाहीये. राहायला मिळावं, एवढंच मागायला आलेय."

तिघांची डोकी जवळ आली. कुजबुज. "लिंबाचाच म्हणाली होती आधी." "गप रे." हेस्टरनं फाटलेल्या पिशवीची चिकटपट्टी बोटानं दाबून बसवली. ती पुन्हा सुटली. पुन्हा दाबली.

डोकी वेगळी झाली.

"पिशव्या आम्ही सगळ्यांना पाठवल्या होत्या," मार्नी म्हणाली. "एक जण सुटकेस घेऊन आला. एक बाई म्हणाल्या, पिशवी गाडीत आहे, ड्रायव्हरजवळ. चारचौघांतून ती मिरवत फक्त तूच आलीस." तिनं दोघांकडे पाहून घेतलं. "आजपासून या गावात कुणाचंच सामान अशा पिशवीत जाणार नाही. ते तू बघायचं. राहा इथं."

मिसेस प्रॅटनी पहिली टाळी वाजवली. हेस्टर डकवर्थनं, स्कार्थवेलच्या मुलांच्या विभागाच्या नव्या संचालकबाईंनी, पांढरे केस कानामागे सारून चष्मा पुसला, आणि अध्यक्ष मार्नी ओकशॉट, इयत्ता पाचवी, मुक्काम लार्चेस, वरची खोली, जमिनीला न पोचणारे पाय हलवत बसली होती त्या खुर्चीवरून उडी मारून टोबायसच्या आधी ताटलीपाशी पोचली आणि तिनं पहिलं बिस्किट हेस्टरच्या हातावर ठेवलं.