चौथा वाफा

मुळं वरच होती.

तिनं खुरप्यानं आणखी हातभर माती उपसली, खड्ड्यात उतरून गुडघे टेकले आणि वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं. जी होती ती सगळी मुळं वरच्या वीतभर मातीत, लोकरीच्या गुंत्यासारखी एकमेकांत अडकलेली. शेजारच्या तीन वाफ्यांतल्या गवतानं पाण्याच्या मागावर मुळं पार कमरेइतकी खोल नेली होती. या चौथ्यानं काडीचे कष्ट घेतले नव्हते. त्याला सगळं घरपोच मिळत होतं.

म्हणजे कुणीतरी पाणी घालत होतं.

शेत तिच्या सासऱ्यांचं. विहीर आटली, ते थकले, शेत पडीक पडलं, पुढे तेही गेले. आधी वाटेल ते तण माजलं, मग वर्षावर्षानं गवतानं जम बसवला. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. शेताचं पुन्हा माळरान होताना दुष्काळ पडला तर कुठलं गवत कसं तगतं, हे तिला पाहायचं होतं. म्हणून तिनं चार वाफे आखले आणि त्यांच्यावर पारदर्शक पत्र्यांची छपरं घातली. पाऊस आला की पत्र्यावरचं सगळं पाणी पन्हळीतून फाटकाजवळच्या पिंपात जायचं आणि खाली गवताच्या नशिबी कोरडी माती. "पाऊस लागू नये म्हणून छप्पर घालणारी सून जगात माझी एकटीच," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. ती तक्रार होती की कौतुक, हे शेजारणींना शेवटपर्यंत कळलं नाही.

छपरांचे खांब तिच्या नवऱ्यानं रोवून दिले होते. ते उभे राहिले आणि वर्षाच्या आत तो गेला. मग घरात या दोघीच उरल्या. दार लावलंस का, दूध तापवलं का, एवढंच बोलणं. तेही सासूबाई विचारायच्या आणि ती मान हलवायची.

तीन वाफ्यांनी दुष्काळ रीतसर पाळला. काही गवतांनी घाईघाईनं बी धरून आपला संसार आटोपता घेतला. काहींनी पानं सुरळीसारखी मिटून घेतली, वरून पार वाळून गेली आणि जीव बुडख्यात दडवून बसली. चौथा तेवढा हिरवागार. तिनं तो रोज पाहिला, पुनःपुन्हा फोटो काढले. ओलावा मोजणारी नळी खोल पुरलेली होती. नळीच्या लेखी चौथ्यातही माती कोरडीठाक होती. वरच्या वीतभर मातीत काय चाललंय, याची त्या नळीला दादच नव्हती. हे गवत काही वेगळंच आहे, अशी तिची खात्री पटली. त्याचं बी आसपासच्या सगळ्या पडीक रानांत पेरायचं घाटत होतं. उद्या विद्यापीठातले सर खास ते पाहायला येणार होते. सर येण्याआधी मुळं मोकळी करून ठेवावीत, म्हणून तर तिनं आज खड्डा घेतला होता.

ती खड्ड्यातून वर आली. आता तिला पायवाट दिसली. पिंपापासून निघून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वाफ्याच्या कडेनं थेट इथवर. आणि पायवाटेच्या बाजूनं मातीत काठीच्या टोकाची गोल गोल भोकं.

घरात त्या काठीवर चालणारं माणूस एकच होतं.

तिनं आधी सरांना फोन लावला. येऊ नका म्हणाली, वाफ्याला पाणी मिळालंय. कुणी घातलं, असं सरांनी विचारलं. घरातलंच आहे माणूस, असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग मातीच्या हातांनीच स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. सुनेचे हात पाहिले आणि त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"घालत होते," तिनं विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. "तू कॉलेजला गेलीस की. पिंपातलंच घालत होते. त्यांचंच पाणी त्यांना दिलं, त्यात काय एवढं?"

दोन पावसाळ्यांची मेहनत पाण्यात गेली, तीही झारीभर पाण्यात, एवढं कसंबसं ती बोलली. मग वर्गात समजावतात तसं, शब्दाशब्दावर थांबत म्हणाली, "आई, पान मिटलं म्हणजे गवत मरत नाही. ते आत जिवंत असतं. तग धरून असतं. त्याला तसंच राहू द्यायचं असतं."

सासूबाई ऐकून घेत होत्या. त्यांचे गुडघे सुजलेले होते. झारी भरली की केवढी जड होते, ते तिला ठाऊक होतं. एका हातात ती, दुसऱ्यात काठी, आणि पिंपापासून चौथा वाफा सगळ्यांत लांब.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं. एवढी दया येत होती, तर पहिला वाफा पिंपाला अगदी लागून होता.

"तीन वाफे ओलांडून चौथ्यालाच का?" तिनं विचारलं. "बाकीच्या गवतानं काय घोडं मारलं होतं?"

"गवताचं कुणाला पडलंय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी शेंगांचं ताट परत पुढ्यात ओढलं, पण शेंग उचलली नाही. "वर्षभर या घरात तुझा आवाज नव्हता. त्या दिवशी धावत आलीस, चपला घालून थेट आत. 'आई, सगळे वाळले, पण चौथा अजून हिरवा आहे!' हसत होतीस. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं गं. तोही मिटायला लागला होता."