पांढऱ्या काचा

साहेब, शाळेच्या काचा रंगवायचा हुकूम वरून आला, तो तुमचा. तोही फोनवरून, म्हणजे मागे कागद राहायला नको. शाळेसमोरच्या शुश्रूषागृहात बरी न होणारी माणसं शेवटचे दिवस काढतात, ती मुलांच्या नजरेस पडू नयेत, एवढीच तुमची काळजी. आणि आता त्याच शुश्रूषागृहासाठी मदत गोळा करायचा हुकूमही तुमचाच. तुम्ही आला नाहीत. येत नाहीच तुम्ही. तेव्हा ऐका काय झालं ते.

चित्रकलेचा वर्ग सकाळीच पालकांनी भरून गेला होता. मुलांची चित्रं दोऱ्यांना चिमट्यांनी टांगली होती, बरोबर त्या रंगवलेल्या खिडक्यांवरून. फळ्यावर मोठ्या अक्षरात: ‘आमच्या लाडक्या चित्रकलेच्या बाईंच्या स्मरणार्थ.’ दाराशी मदतपेटी, पेटीशी खेळाचे सर.

“या, या! आपल्याच लेकराचं चित्र, आपल्याच पैशानं!” ते ओरडत होते. “घरी भिंत रंगवली की धपाटा घालता. इथे पैसे घाला!”

लोक हसत होते. गणिताच्या बाई हसल्या नाहीत. गेलेल्या चित्रकलेच्या बाई म्हणजे त्यांची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचा डबा एका टेबलावर, घरी जाताना दोघी एका छत्रीत. आज तिच्याबद्दल त्यांनीच बोलायचं होतं.

मैत्रिणीची आई आली. मुख्याध्यापकांनी फुलांचा गुच्छ पुढे केला, खुर्ची ओढली.

“मला बसवू नका हो,” ती म्हणाली. “समोरची तिची खाट इथून दिसते का, तेवढंच बघायचंय.”

“त्या खिडक्या ना, आई... उन्हाचा फार त्रास होतो मुलांना. म्हणून जरा...”

“ऊन?” म्हातारीने गुच्छ बाकावर ठेवला. “रंग तिनेच लावलाय. तुम्ही लावायला लावलात. शेवटपर्यंत हसायची त्यावर. म्हणायची, आई, एवढं मोठं चित्र मी दुसरं काढलं नाही, आणि नशीब बघ, नेमकं त्याच्यासमोर आणून झोपवलंय मला.”

खेळाच्या सरांनी पेटीचं झाकण उगाचच दाबलं.

म्हातारी गणिताच्या बाईंकडे वळली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तू काच खरवडणार होतीस ना गं? नाण्याएवढी? मुलं दिसतील म्हणून ती रोज उशी उंच करून घ्यायची.”

मुख्याध्यापकांना विचारते, असं मैत्रिणीला म्हणाल्या होत्या गणिताच्या बाई. विचारलं नाही. सर नाही म्हणतील, वर कळवतील, नसती कटकट मागे लागेल. आणि विचारलंच नाही, मग तिला तोंड कसं दाखवायचं, म्हणून भेटायला जाणंही सोडलं. रस्ता ओलांडला की दार. तेवढा रस्ता त्यांच्याने ओलांडवला नाही.

“मावशी...” त्या म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून कर्कटक काढलं. एक चित्र बाजूला सारलं आणि टोक काचेवर टेकवलं. कर्रर्र आवाज झाला.

“बाई, काय करताय हे? पालक आहेत!” मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले. “मला वर विचारावं लागेल.”

रंग चिवट होता. मैत्रिणीने काम नेहमीसारखंच चोख केलं होतं, दोन हात देऊन. पापुद्रे बाईंच्या बाहीवर पडले, खाली टांगलेल्या कुणाच्या तरी निळ्या हत्तीवर पडले. नाण्याएवढी काच उघडी झाली तरी त्या थांबल्या नाहीत. तळहाताएवढी झाली तेव्हा म्हातारीला पुढे घेतलं.

म्हातारीने काचेला नाक लावलं.

“खाट तीच आहे,” ती म्हणाली. “आता दुसरं कोणीतरी आहे.”

गणिताच्या बाई वाकल्या. रस्त्यापलीकडच्या खिडकीत एक माणूस उशीला टेकून बसला होता. हडकुळा, टक्कल पडलेला. इकडेच बघत होता. कोऱ्या पांढऱ्या काचेत त्याला इतके दिवस काय दिसत होतं कोण जाणे. त्याने मान जरा पुढे केली. मग हात वर केला आणि सावकाश हलवला.

“सर,” गणिताच्या बाई मागे न वळता म्हणाल्या, “तो माणूस हात करतोय. इकडून कोणी हात करायचा की नाही? वर विचारून सांगा. पण आत्ता विचारा. माझं काय, मी थांबेन. त्याचं सांगता येत नाही.”

मुख्याध्यापकांनी खरंच फोन लावला. तुमच्याकडे वाजतोय. उचला, आणि काय ते सांगा.